येरळा ते हरिपूर : दगडी पात्यांच्या मागावर चार दिवस

हजारो वर्षांपूर्वी माणसाने दगड फोडून काढलेली बारीक पाती रानात शोधायची, तर फेब्रुवारीचा मध्य सोयीचा. माणदेशात शाळू काढणीला आलेला असतो, काढलेल्या रानात जमीन उघडी पडते, आणि सकाळचं तिरपं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत टिकतं. रात्री गारठा, दुपारी चटका. टोपी आणि स्वेटर दोन्ही एकाच पिशवीत. पाच जण, एक गाडी, मार्ग असा : कऱ्हाड, पुसेसावळी, वडूज, दहिवडी, म्हसवड, दिघंची, आटपाडी, विटा, तासगाव, सांगली. मुक्काम साधे, रस्ते बरे.

एक गोष्ट आधीच. ज्या रानांत खरी पाती दिसली त्यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. गावाचं नाव छापून आलं की महिन्याभरात माणसं पिशव्या घेऊन हजर होतात, हा सगळीकडचाच अनुभव.

पहिला दिवस : कऱ्हाड

प्रीतिसंगमावर सकाळी सातला धुकं होतं. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र पूर्वेला वळतात. दगड शिकायला नदीच्या वाळवंटातला गोटा चांगला, कारण तो फुकट आहे आणि त्यात पुरातन असं काही नसल्याने मनसोक्त फोडता येतो.

दहा गोट्यांतले नऊ काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. दहावा दुधी, पिवळसर किंवा मधाच्या रंगाचा, कडेला अर्धपारदर्शक. लोक त्याला सरसकट गारगोटी म्हणतात. नेमकं म्हणायचं तर चाल्सिडनी, पट्टे असतील तर अकीक, अपारदर्शक लाल असेल तर जास्पर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले, पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांतून झिरपलं आणि हा दगड आत साचला. पात्यांसाठी तोच का, ते फोडल्यावर लगेच कळतं. चाल्सिडनीचे कण इतके बारीक की तडा शिंपल्यासारखा वळत, सलग जातो आणि मागे वस्तऱ्यासारखी धार राहते. कातळाचे कण भरड. त्याच्या मोठ्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची हत्यारं होतात, बारीक पातं मात्र नीट निघत नाही.

गोटा हातात घेऊन दुसऱ्या दगडाने हलकं टिचवून बघा. खणखणीत आवाज आला तर आत तडे नाहीत. ‘बद्द’ वाजला तर ठेवून द्या. मधोमध स्फटिकांची पोकळी असलेले गोटे दिसायला सुंदर, पात्यांना निरुपयोगी. तडा पोकळीपाशी पोचला की थांबतो.

इथेच दुसरा धडा : नदीनेही छिलके, म्हणजे दगडाचे पातळ टवके, काढलेले असतात. पुरात गोटे एकमेकांवर आपटतात, टवके उडतात. पण नदीचा टवका पुढे घरंगळत राहतो, त्यामुळे त्याच्या सगळ्या कडा सारख्याच बोथट होतात आणि अंगभर नखाच्या कोरीएवढ्या बारीक चंद्रकोरी उमटतात. माणसाने काढलेल्या छिलक्यावरचे घाव एका क्रमाने, एका दिशेने पडलेले असतात. कऱ्हाडला वेचलेल्या वीस ‘हत्यारांपैकी’ संध्याकाळी एकही उरलं नाही. तेच अपेक्षित होतं.

दुसरा दिवस : येरळाकाठ

पुसेसावळीमार्गे वडूजकडे जाताना ऊस मागे पडतो, शाळू सुरू होतो आणि आभाळ मोठं होतं. येरळेच्या पात्रात पाण्यापेक्षा वेडी बाभूळ जास्त. रानमालकाला आधी भेटलं पाहिजे, हे सांगायला नको; पण काय करणार आहोत तेही सांगावं, नाहीतर ‘गुप्तधन शोधायला आलेत’ ही बातमी आपल्याआधी वेशीपर्यंत पोचते.

चालायची रीत अशी. पाच जणांनी दोन-दोन मीटर अंतरावर ओळीत उभं राहायचं, सूर्य समोर ठेवायचा, सावकाश चालायचं. अर्धपारदर्शक दगडातून समोरचं ऊन आरपार येतं आणि तो मातीत लुकलुकतो. सूर्य पाठीमागे असला की तोच दगड ढेकळात हरवतो. संशयित तुकड्याशेजारी बांबूची काडी रोवायची आणि पुढे जायचं. वाकून उचलायचा मोह आवरायचा. काड्या कुठे दाटल्या आहेत ते शेवटी लांबून दिसतं आणि एकट्या तुकड्यापेक्षा ती दाटी जास्त बोलते. मात्र काळ्या रानात एक गडबड असते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरचे तुकडे खाली जातात. पावसात माती फुगते आणि खालचे वर येतात. म्हणून काळ्या मातीत ‘इतक्या खोलीवर सापडलं’ याला फारसा अर्थ नाही.

चार तासांत काड्या पन्नासच्या वर लागल्या. जागेवरच भिंगाखाली धरल्यावर त्यांतल्या बहुतेक गळल्या.

काही नांगराच्या फाळाने किंवा रोटरने उडालेले टवके होते. ओळख सोपी : जुन्या दगडावर पांढरट, मळकट साय धरलेली असते आणि ताजा घाव ती साय फोडून आतला रंग दाखवतो. कधी घावाच्या तोंडाशी लोखंडाचा करडा ओरखडाही असतो. काहींवर बशीसारखे गोल खळगे होते. हा विस्तवाचा प्रताप. पाचट पेटवलं की दगड एकदम तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि झाकणासारखा गोल तुकडा उडतो. अशा खळग्याला घावाची सुरुवातच नसते. कुठून मार बसला ते बोटाने दाखवता येत नसेल, तर तो माणसाचा घाव नव्हे.

मेंढरं वळत असलेले एक आबा बराच वेळ हे उद्योग बघत होते. काठी टेकून जवळ आले.

“काय घावलं का?”

“दगडाची पाती बघतोय, आबा. जुन्या काळातली.”

त्यांनी काडीशेजारचा एक जाडसर, चौकोनी तुकडा पाहिला आणि हसले. “ही व्हय? ही चकमक हाय. आमचं आजं हिच्यानं इस्तू पाडायचं. पोलादावर झाडायची, खाली शेवरीचा कापूस धरायचा. बटव्यात असायची.”

आबांचं बरोबर होतं. बोराएवढा जाड, सगळ्या कडा चेचून पायऱ्या-पायऱ्या झालेल्या, दोन ठिकाणी गंजाचे ठिपके. आग पाडायची चकमक पोलादावर पुन्हा पुन्हा आपटते, म्हणून तिची कड अशी ठेचकळते. कापायच्या पात्याची कड पातळच राहते. सातारा-सांगलीत तिसरीही शक्यता असते, तोड्याच्या बंदुकांनंतर आलेल्या चापाच्या बंदुकीतली चकमक. तीही चौकोनी आणि जाड, अंगठ्याच्या नखाहून मोठी, एका बाजूला उतार केलेली. मराठा काळातल्या गढीच्या आसपास दिसलेल्या ‘अश्मयुगीन’ तुकड्याबद्दल आधी हीच शंका घ्यावी.

शेवटी उरले सात. त्यांतला सगळ्यात बोलका तुकडा बोटाच्या पेरापेक्षा लहान : १७ मिमी लांब, ९ रुंद, ३ जाड, दुधी रंगाचा. दोन्ही टोकं मोडलेली. तरीही हे पातंच कशावरून? दोन्ही लांब कडा एकमेकींना समांतर होत्या. पाठीवर दोन उभे कणे (उंचवट्याच्या रेषा), तेही कडांना समांतर, म्हणजे हे पातं निघण्याआधी त्याच गाभ्यावरून (पाती काढतात त्या मूळ दगडावरून) त्याच दिशेने आणखी पाती निघाली होती. आडवा छेद घेतला तर वरची बाजू आखूड, खालची लांब असा समलंब आकार आला असता. कणा एकच असता तर त्रिकोण. पोटाची बाजू सपाट, गुळगुळीत, आणि तिच्यावर पाण्यात खडा टाकल्यासारख्या अगदी मंद लहरी, एकाच दिशेने कमान केलेल्या. लहरींची वळलेली बाजू मारापासून दूर जाते, म्हणून मूळ टोक कुठलं तेही सांगता आलं.

पात्याची पुस्तकी व्याख्या ‘लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक’ अशी आहे. रानात ती पुरत नाही, कारण अखंड पातं क्वचितच भेटतं. मोडक्याची लांबी मोजून काय करणार? समांतर कडा आणि समांतर कणे, हीच खरी खूण. आणि मोडका म्हणजे टाकाऊ, हा तर या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज. पातं मुळात किंचित वाकडं निघतं. मार बसलेल्या टोकाशी फुगवटा असतो, दुसरं टोक आत वळतं. लाकडी खोबणीत एकापुढे एक बसवायला सरळ तुकडा लागतो, आणि सरळ असतो तो मधलाच भाग. म्हणून टोकं हेतुपुरस्सर मोडली जात. तो १७ मिमीचा तुकडा विळ्याचा एक दात असू शकतो.

दुसऱ्या एका तुकड्याची एक कड वस्तऱ्यासारखी होती आणि समोरची बोथट, जवळपास काटकोनात, बारीक-बारीक घावांनी भिंत उभारल्यासारखी. ही मुद्दाम बोथट केलेली पाठ. ती डिंक-राळेत घट्ट बसते आणि दांडा चिरत नाही. हीच पाठ कमानदार केली की चंद्रकोर, दोन्ही बाजूंनी तिरपी छाटली की समलंब किंवा त्रिकोण. ही भौमितिक सूक्ष्मास्त्रं शिकारी टोळ्यांच्या काळातही होती आणि पुढे ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या, शेतकऱ्यांकडेही, त्यामुळे नुसत्या आकारावरून वय सांगू नये. शेजारी काळ्या रेघांची, टिचवलं की धातूसारखी वाजणारी तांबडी खापरं असतील तर जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीचा विचार करता येतो. घोड नदीकाठच्या इनामगावात तिचा काळ इ.स.पू. १४०० ते ७०० धरतात.

सातही तुकडे मोजपट्टीसह टिपले, जीपीएस नोंद घेतली आणि जिथल्या तिथे ठेवले. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू कायद्याने पुरावशेष ठरते. उचलून घरी नेली की तिची जागा हरवते आणि जागा हरवली की उरतो नुसता दगड. फोटो आणि नोंद राज्य पुरातत्त्व विभागाकडे पाठवायची, बस.

जेवण रानमालकाच्या घरी. बाजरीची भाकरी, खर्डा, आणि वाटीभर हुलग्याचं माडगं. गारठ्यात माडग्याला तोड नाही.

तिसरा दिवस : म्हसवड आणि दिघंची

म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन, राजेवाडीच्या तलावाच्या ओसरलेल्या काठावर तासभर, आणि मग दिघंचीच्या बाजूला एका शाळूच्या रानात मुक्कामच. आज स्वतः पाती काढून वापरून बघायची होती. दगड अर्थातच नवे, विहिरीच्या खोदकामातून निघालेले.

ताडपत्री आधी अंथरा. फोडताना उडालेली प्रत्येक कपची गोळा करून परत न्यायची, कारण रानात टाकून दिलेली आजची कपची उद्या कुणाला तरी ‘अश्मयुगीन कारखाना’ वाटेल. डोळ्यांना गॉगल, मांडीवर जाड चामडं, उघड्यावर आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसायचं. चाल्सिडनीची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

मुठीएवढ्या गोट्याची टोपी उडवली की सपाट माथा मिळतो. मार तिथे बसणार. मग गोट्याच्या एका कडेने आलटून-पालटून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, टवके काढत नागमोडी कणा तयार करायचा. सगळी हुशारी या कण्यात आहे. तडा उंचवट्याच्या मागे मागे धावतो. कणा सरळ असेल तर पहिलं पातं सरळ सुटतं आणि जाताना आपल्या दोन्ही बाजूंना दोन नवे कणे ठेवून जातं. पुढची पाती त्यांच्या आधाराने. हे पहिलं, पाठीवर करवतीसारखा कणा असलेलं पातं एखाद्या वस्तीवर सापडलं, तर पाती तिथेच काढली जात होती असं खात्रीने म्हणता येतं.

माथा आणि पुढचा चेहरा यांच्यातला कोन काटकोनाहून कमी हवा, साधारण सत्तर ते ऐंशी अंश. कोन उघडला की तडा आत शिरत नाही. प्रत्येक पात्याआधी माथ्याची कड खरबरीत दगडाने घासायची. न घासता मारलं तर कडच चुरते आणि ताकद तिथेच संपते. सांबरशिंग वापरू नका, वन्यजीव कायद्यात ते बसत नाही. लाकडी मुठीत बसवलेली तांब्याची कांब दाबाने पाती सोडवायला उत्तम, आणि ठोकायला म्हशीचं शिंग. खंबायतचे अकीक कारागीर अजूनही जमिनीत रोवलेल्या लोखंडी खिळ्यावर दगड टेकवून शिंगाच्या हातोड्याने ठोकतात. मार वरून, तडा खिळ्याकडून.

चुका नेहमीच्या तीन झाल्या. दाब कमी पडला की तडा मध्येच बाहेर वळतो आणि पात्याचं टोक गोल, बोथट येतं. गाभ्यावर त्या जागी बांध राहतो आणि पुढची सगळी पाती त्या बांधाला अडखळतात. जोर जास्त झाला की तडा आत बुडतो आणि पातं गाभ्याचं बूडच घेऊन जातं. पट्टेदार अकिकात तडा पट्ट्यालाच फुटतो. बांध पडला की हट्ट करू नये. गाभ्याचा माथा चकतीसारखा उडवून नव्याने सुरुवात करावी. अशा चकत्या प्राचीन वस्त्यांवरही मिळतात, म्हणजे त्यांनाही हेच भोगावं लागत होतं. दुपारपर्यंत तीन गोट्यांतून कामाची पाती निघाली अकरा.

विळ्याचा दांडा बोरीचा, जरासा वाकडा. त्यात चार मिमी रुंद, सहा मिमी खोल खोबण. चिकटवायला तीन भाग राळ, एक भाग मधमाशीचं मेण, एक भाग कोळशाची वस्त्रगाळ पूड. नुसती राळ काचेसारखी तडकते, मेण वाढलं तर दुपारच्या उन्हात पाती ढिली होतात, आणि पूड नसेल तर मिश्रण आक्रसून सुटतं. मंद आचेवरच वितळवा. पहिला घाणा उकळला, बुडबुड्यांचा झाला, आणि पाचव्या ताटाला दोन पाती निसटली. दुसरा घाणा जमला. पाती बसवण्याआधी खोबण निखाऱ्यावर धरून कोमट करायची, थंड लाकडाला राळ वरवर चिकटते.

आणि मग शाळूने धडा दिला. कमरेतून वाकून ताटं कापायला सुरुवात केली तेव्हा बांधावरून एक मावशी ओरडल्या, “आवं, कापताय काय? शाळू उपटत्यात!” खरंच. या भागात शाळू मुळासकट उपटतात, पाचुंदे बांधून ठेवतात आणि नंतर कणसं तेवढी विळ्याने मोडतात. कडबा अखंड राहतो, जनावरांना तोच महत्त्वाचा. पात्यावर धान्याची चकाकी दिसली की ‘पीक बुंध्यापासून कापत’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांनी मावशींचं वाक्य ऐकायला हवं. चकाकी एवढंच सांगते की सिलिका असलेली गवतवर्गीय ताटं इथून पुष्कळ वेळा गेली; ताट बुडातून कापलं, कणसाखाली कापलं, की छपरासाठी गवत कापलं, ते ती सांगत नाही. इनामगावला मुख्य पीक होतं जव. जवाची कापणी शाळूसारखी झाली असेल असंही गृहीत धरता येत नाही.

मग मावशींच्या सांगण्याप्रमाणे कणसं कापली. दगडी विळा ओढत कापतो, हिसक्याने नाही. हिसका दिला की दात निखळतो. दोन तासांत ढीग झाला, पण लोखंडी विळ्याच्या मावशींनी तेवढा अर्ध्या वेळात केला. उघड्या डोळ्यांना चकाकी दिसली नाही, एवढ्यात ती येतही नाही. हिरव्या ताटांवर ती लवकर धरते, वाळलेल्यावर उशिरा.

उरलेल्या पात्यांपैकी एक बोरीच्या फांदीवर सालपट काढायला, एक कच्च्या चामड्यावर खरवडायला, एक खाटकाकडून आणलेल्या हाडावर. प्रत्येक पातं वेगळ्या कागदी पाकिटात. एकाच पिशवीत ठेवली की ती एकमेकांवर घासतात, आणि तो घासटा पुढे भिंगाखाली ‘वापर’ म्हणून दिसतो.

चौथा दिवस : सांगली, हरिपूर

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळाजवळ, सावलीत टेबल टाकलं. भडंग आणि चहा सतत. टेबलावर दहापट भिंग, लॅपटॉपला जोडायचा छोटा सूक्ष्मदर्शक, काळं कापड आणि एक विजेरी.

चाल्सिडनीत प्रकाश आत शिरतो, त्यामुळे समोरून उजेड टाकला की काहीच दिसत नाही. पातं काळ्या कापडावर, विजेरी जवळजवळ आडवी, एका बाजूने. मग बारीक घावही सावली टाकतात. आधी साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, कुंचला मऊ हवा. तारेचा ब्रश फिरवला तर पितळेची रेघ उमटते आणि ती जात नाही. हे सगळं फक्त नकलांसाठी, म्हणजे आपण स्वतः काढलेल्या पात्यांसाठी. जुन्या पात्याला पाणीही लावू नका, त्याच्या भेगांत मूळ पदार्थाचे अंश असू शकतात.

वापराच्या खुणा वाचण्याचं हे शास्त्र सर्गेई सेमेनोव्ह या रशियन संशोधकाने १९५७ साली मांडलं, आणि अजूनही पहिला प्रश्न तोच राहतो : हात कुठल्या दिशेने चालला? कापलं असेल तर रेघोट्या धारेला समांतर, बारीक घाव दोन्ही अंगांना. खरवडलं असेल तर रेघोट्या धारेला आडव्या, घाव एकाच अंगाला. हाडावरच्या पात्याची धार पायऱ्या पडून मोडली होती आणि झळाळी नेमकी टोकाटोकांवर, चिमूटभर. चामड्याच्या पात्याला घाव जवळपास नव्हतेच, पण कड गोलावून मंद, निस्तेज झाली होती. लाकडाने उंचवटे गुळगुळीत केले, खळगे तसेच ठेवले. मांस सगळ्यात फसवं, नुसतं मांस कापलेल्या पात्यावर जवळजवळ काही उरत नाही. म्हणून ‘खूण नाही, म्हणजे वापर नाही’ असं लिहिता येत नाही.

शाळूच्या पात्यांवर धारेलगत अगदी बारीक, ओलसर वाटणारा पट्टा नुकता धरायला लागला होता. हाच पट्टा पुष्कळ वापरानंतर आरशासारखा होतो. तो दोन्ही अंगांवर असतो आणि राळ जिथे सुरू होते तिथे रेघ मारल्यासारखा थांबतो. जुन्या पात्यावर ती रेघ धारेला समांतर असेल तर पातं खोबणीत सरळ बसवलेलं, तिरपी असेल तर करवतीच्या दातासारखं कलतं. दांडा कुजून हजारो वर्षं झाली तरी त्याचा कोन असा मोजता येतो. नदीने किंवा मातीने आलेली चकाकी अंगभर पसरते, मोडलेल्या कडेवरही. तिला अशी सीमारेषा नसते.

एक पातं मुद्दाम काल मेंढरांच्या वाटेवर टाकून ठेवलं होतं. खुरांखाली आलेल्या त्या पात्यावर घाव होते, पण सुटे-सुटे, कुठेही, दोन्ही अंगांना, मधे मोठ्या मोकळ्या जागा सोडून. वापराचे घाव एका पट्टीत सलग येतात. माणदेशात मेंढरं चालली नाहीत असं रान सापडणं कठीण, तेव्हा हा नमुना प्रत्येकाने करून जवळ ठेवावाच.

हरिपूर म्हणजे एकेकाळी हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, आणि दिवस हळद काढणीचे. शेजारच्या रानातून ओल्या हळदीचं एक कांड मिळालं आणि उरलेल्या पात्याने ते चिरलं. पातं साबणाने तीनदा धुतलं, बोटाला पिवळं लागेना, स्वच्छ वाटलं. नोटा तपासायची जांभळी विजेरी धरली तेव्हा धारेवरच्या प्रत्येक बारीक घावात पिवळी-हिरवी ठिणगी पेटली. शंका नको म्हणून न वापरलेलं पातंही त्याच प्रकाशात धरलं, कारण काही चाल्सिडनी मुळातच हिरवी चमकते. हे चमकलं नाही. पाकिटावर लिहिलं : ‘नक्कल. ओली हळद, चाळीस काप, धुणं तीन वेळा. हरिपूर.’